व्हॉल्व्ह रेडिओचा आवाज फाटतोय? बायस कसा तपासायचा आणि मीटर कधी फसवतं

आजोबांच्या कपाटावर किंवा गावच्या घरात माळ्यावर पडलेला व्हॉल्व्ह रेडिओ खाली काढायचा, धूळ पुसायची, प्लग लावायचा आणि मोबाईलवर रील काढायची, हे सध्या बरेच जण करतायत. अर्धा मिनिट आवाज येत नाही. मग आवाज येतो, आणि अगदी गोड येतो. दहा-पंधरा मिनिटांनी तोच आवाज फाटायला लागतो, मागून करपल्यासारखा वास येतो आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, "व्हॉल्व्ह गेला वाटतं."

मित्रांनो, बहुतेक वेळा व्हॉल्व्ह गेलेला नसतो, त्याला घालवणारं दुसरंच काहीतरी असतं. आणि ते दुसरं काहीतरी दहा-वीस रुपयांचं असतं. ते वेळेत सापडलं नाही तर व्हॉल्व्ह तर जातोच, सोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळतो. व्हॉल्व्ह नवीन मिळतो. त्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर तसाच मिळणं फार कठीण.

या लेखात उदाहरण म्हणून आपण ईएल८४ हा आउटपुट व्हॉल्व्ह घेऊ. अमेरिकन नाव ६बीक्यू५. १९५० आणि ६० च्या दशकातल्या असंख्य रेडिओंमध्ये शेवटचा अँप्लिफायर म्हणून हाच बसवलेला असायचा. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांना तो व्हॉक्स एसी३० या अँपमुळे माहीत असतो, त्यात असे चार असतात. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का असलेले व्हॉल्व्हही जुन्या सेटमध्ये सापडतात.

आधी हे वाचा, मग स्क्रू काढा

व्हॉल्व्हवर छापलेलं नाव बघा. पहिलं इंग्रजी अक्षर 'ई' असेल तर त्याचा हीटर ६.३ व्होल्टवर चालतो आणि अशा सेटमध्ये सहसा मेन्स ट्रान्सफॉर्मर असतो. पहिलं अक्षर 'यू' असेल (यूएल८४, यूसीएल८२ वगैरे) तर थांबा. तो एसी-डीसी सेट आहे. त्यात सगळ्या व्हॉल्व्हचे हीटर माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात आणि चासी थेट मेन्सच्या एका वायरला लागलेली असते. प्लग उलटा बसला तर अख्खी चासी फेज होते. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर असा सेट उघडून चालू करायचाच नाही, यात "जरा बघतो" नाही.

'ई'वाल्या सेटमध्येही आत २५० ते ३०० व्होल्ट डीसी असतं. चालू सेटमध्ये मोजताना मीटरची काळी तार क्रोकोडाइल क्लिपने चासीला लावून ठेवायची, लाल तार एका हातात, आणि दुसरा हात खिशात. म्हणजे एका हातात मोबाईल धरून शूटिंग करत मोजणं बाद. व्हिडिओ हवाच असेल तर मोबाईल स्टँडला लावा.

सेट बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये चार्ज उरू शकतो, विशेषतः आउटपुट व्हॉल्व्ह काम करत नसेल तेव्हा. १० किलोओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर, त्याला दोन इन्सुलेटेड वायर, आणि तो प्लस टोकापासून चासीपर्यंत पाच-दहा सेकंद धरायचा. मग मीटरने खात्री करायची. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करणारे मेकॅनिक तुम्ही बघितले असतील. त्यांचं त्यांना लखलाभ.

कित्येक वर्षं बंद असलेला सेट पहिल्यांदा लावताना सिरीज लॅम्प वापरा. ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब मेन्सच्या एका वायरमध्ये मालिकेत. एलईडी बल्ब चालणार नाही. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि रेडिओ वाचतो. फक्त लक्षात ठेवा, सिरीज लॅम्पवर असताना आतले सगळे व्होल्टेज कमी दिसतात. त्या आकड्यांवरून बायस ठीक की बिघडलेला हे ठरवू नका.

बायस म्हणजे नक्की काय

व्हॉल्व्हमध्ये कॅथोड तापतो, त्यातून इलेक्ट्रॉन निघतात आणि प्लेटकडे धावतात. मधे ग्रिड नावाची जाळी. ग्रिड कॅथोडपेक्षा निगेटिव्ह ठेवली की इलेक्ट्रॉन अडतात. नळाची चावी समजा. चावी जितकी आवळाल तितकं पाणी कमी. गाणं वाजत नसताना ही चावी किती आवळलेली आहे, तो बायस.

ईएल८४ साठी कंपनीचे नेहमीचे आकडे असे: प्लेटवर २५० व्होल्ट, ग्रिड कॅथोडपेक्षा ७.३ व्होल्ट निगेटिव्ह, प्लेटमधून ४८ मिलिअँपियर, स्क्रीनमधून ५.५ मिलिअँपियर. आता २५० गुणिले ०.०४८ करा. १२ वॅट. आणि ईएल८४ ची प्लेट जास्तीत जास्त किती वॅट सोसते? १२. म्हणजे सगळं व्यवस्थित असतानाही हा व्हॉल्व्ह काठावरच उभा असतो. बायस दोन-तीन व्होल्टने घसरला की तो काठावरून खाली.

रेडिओमध्ये बायससाठी वेगळी बॅटरी नसते. कॅथोड आणि चासी यांच्यामध्ये १३५ किंवा १५० ओहमचा रेझिस्टर असतो. करंट त्यातून गेला की कॅथोड सात-साडेसात व्होल्ट वर उचलला जातो. ग्रिड चासीच्या पातळीला शून्यावर असते, म्हणून कॅथोडच्या मानाने ती आपोआप निगेटिव्ह. करंट वाढला तर कॅथोड आणखी वर जातो आणि चावी थोडी आवळली जाते. स्वतःच स्वतःला सावरणारी व्यवस्था. पण सावरायलाही मर्यादा आहे.

तीन पिना, तीन आकडे

सॉकेट खालून बघा. जिथे दोन पिनांमधली फट मोठी आहे तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजायचं. पिन २ ग्रिड, पिन ३ कॅथोड, ४ आणि ५ हीटर, ७ प्लेट, ९ स्क्रीन. खालून बघितल्याचा मोबाईलवर एक फोटो काढून त्यावर आकडे लिहून ठेवा, सेट चालू असताना मान वाकडी करून मोजत बसायची वेळ येत नाही.

चालू केल्यावर पाच मिनिटं थांबून चासीपासून मोजा. पिन ३ वर सहा ते आठ व्होल्टच्या आसपास, पिन २ वर शून्य, पिन ७ वर पिन ९ च्या जवळपास पण थोडं कमी-जास्त. मग हेच पंधरा मिनिटांनी परत मोजा. दुसरी खेप महत्त्वाची, कारण हा बिघाड गरम झाल्यावरच अंगावर येतो.

पिन ७ वर काहीच नाही आणि पिन ९ वर पूर्ण व्होल्टेज, असं दिसलं तर ताबडतोब बंद करा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी तुटलेली आहे आणि सगळा भार बिचाऱ्या स्क्रीनवर आलाय, ती काही मिनिटांत लाल होते. याच कारणासाठी स्पीकरची वायर काढून सेट चालवायचा नाही. स्पीकर नसला की प्रायमरीवर उड्या मारणारं व्होल्टेज तिचं इन्सुलेशन फोडू शकतं.

खरा गुन्हेगार: कपलिंग कंडेन्सर

पिन २ वर शून्याऐवजी प्लस दोन, प्लस चार, प्लस पाच व्होल्ट दिसतायत? आणि वेळ जाईल तसे वाढतायत? मग आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटपासून या ग्रिडपर्यंत आलेला कंडेन्सर शोधा. साधारण ०.०१ किंवा ०.०२२ मायक्रोफॅरडचा, जुन्या सेटमध्ये मेणकट कागदी नळीसारखा. त्याचं काम गाण्याचा सिग्नल पुढे पाठवायचा आणि मागचं ८०-९० व्होल्ट डीसी अडवायचं. साठ वर्षांत कागद ओल धरतो आणि डीसी झिरपायला लागतं.

किती झिरपलं तर चालेल? हिशोब करून बघा. फक्त १० मायक्रोअँपियर. ग्रिडपासून चासीला ४७० किलोओहमचा रेझिस्टर असेल तर त्यावर ४.७ व्होल्ट उभे राहतात आणि ग्रिड तेवढी वर जाते. कॅथोड सावरायचा प्रयत्न करतो, सातावरून साधारण दहा व्होल्टपर्यंत चढतो. १० भागिले १३५, म्हणजे ७४ मिलिअँपियर. प्लेटमध्ये सोळा वॅटच्या आसपास उष्णता. खोलीतला दिवा बंद करून बघितलंत तर प्लेटच्या करड्या पत्र्यावर मंद लाल डाग दिसेल. हे डोळ्यांनीच बघा. मोबाईलचा कॅमेरा अंधारात एक्स्पोजर वाढवतो आणि हीटरचा साधा नारिंगी उजेडही आग लागल्यासारखा दाखवतो.

आता मजा अशी की हाच कंडेन्सर मीटरच्या कपॅसिटन्स रेंजवर लावला तर ठणठणीत दिसतो. मीटर त्याला एक-दोन व्होल्टवर तपासतं, ९० व्होल्टवर नाही. मी स्वतः या सापळ्यात अडकलो होतो. नातेवाईकांच्या सेटमध्ये कंडेन्सर "ओके" म्हणून सोडून दिला, व्हॉल्व्ह बदलला, दोन महिन्यांत नवा व्हॉल्व्हही तसाच लाल. दुसऱ्यांदा पैसे मागताना मान वर करवेना.

खरी परीक्षा अशी घ्या. सेट बंद, डिस्चार्ज. कंडेन्सरचं ग्रिडकडचं टोक सोल्डर काढून मोकळं करा, कुठे टेकणार नाही असं उभं ठेवा. सेट चालू करा. मोकळ्या टोकापासून चासीपर्यंत डीसी व्होल्ट मोजा. सुरुवातीला आकडा उडी मारतो, तो कंडेन्सर चार्ज होतोय. काही सेकंदांत तो शून्याकडे आला पाहिजे. काही व्होल्टवर अडून बसला तर कंडेन्सर लीक आहे, त्यात वाद नाही.

टोक मोकळं असतानाच पिन २ पण मोजा. कंडेन्सर नसतानाही दहा-पंधरा मिनिटांनी ग्रिड प्लसकडे सरकत असेल, तर मात्र दोष व्हॉल्व्हचा. आत गॅस झालाय किंवा ग्रिडच तापून इलेक्ट्रॉन सोडतेय. नवा व्हॉल्व्ह घेण्याचं कारण तेव्हा मिळतं, त्याआधी नाही.

बदलीला ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सर चालतो (मूळ ०.०१ असेल तर ०.०१). लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो. दुकानदाराने १०० व्होल्टचा पुढे केला तर परत द्या.

कॅथोडला शून्य व्होल्ट: दोन उलटे अर्थ

पिन ३ वर शून्य दिसलं तर घाई करू नका. एक शक्यता म्हणजे करंटच जात नाही: हीटर पेटत नाही, स्क्रीनला व्होल्टेज नाही, व्हॉल्व्ह संपलाय. तेव्हा मुख्य सप्लाय नेहमीपेक्षा चढलेला दिसतो आणि व्हॉल्व्ह कोमटच राहतो. दुसरी शक्यता बरोबर उलटी. कॅथोड रेझिस्टरला समांतर २५ ते १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर असतो, तो शॉर्ट झालाय. बायस उडालाय, चावी सताड उघडी. सप्लाय खाली बसतो, प्लेट लाल होते. आकडा एकच, अर्थ दोन. म्हणून पिन ३ एकटी कधी वाचू नये, सोबत सप्लायचं व्होल्टेज हवंच.

आणि तिसरी गोष्ट, काही सेटमध्ये कॅथोड मुद्दामच थेट चासीला लावलेला असतो. त्यात बायस सप्लायच्या निगेटिव्ह बाजूच्या एका रेझिस्टरवर तयार होतो आणि ग्रिडला उणे व्होल्टेज दिलेलं असतं. तिथे पिन ३ वर शून्य हे बरोबरच. सर्किट बघितल्याशिवाय तिथे रेझिस्टर घुसवू नका.

आता मीटरची उलटतपासणी

कॅथोडवर ८.१ व्होल्ट आले. रेझिस्टरवर १३५ लिहिलंय. म्हणजे ६० मिलिअँपियर, जास्त आहे, बरोबर? कदाचित नाही. जुने कार्बन रेझिस्टर वयाप्रमाणे वर सरकतात. सेट बंद करून, डिस्चार्ज करून, तोच रेझिस्टर मोजलात आणि १८० ओहम निघाला तर करंट झाला ४५ मिलिअँपियर, म्हणजे व्हॉल्व्ह मजेत आहे. छापील आकड्यावरून करंट काढायचा नाही, मोजलेल्या आकड्यावरून काढायचा.

याची खातरजमा दुसऱ्या वाटेनेही होते. सेट बंद असताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचा रोध मोजा, समजा ४०० ओहम आला. चालू असताना तिच्या एका टोकाचं आणि दुसऱ्या टोकाचं चासीपासूनचं व्होल्टेज मोजून वजाबाकी करा. १९ व्होल्ट पडत असतील तर प्लेट करंट ४८ मिलिअँपियरच्या आसपास. यात स्क्रीनचा करंट धरलेला नाही, त्यामुळे कॅथोडकडून काढलेला आकडा यापेक्षा चार-सहा मिलिअँपियरने जास्त यायला हवा. दोन्हींचा मेळ बसत नसेल तर रेडिओवर संशय घेण्याआधी मोजणीवर घ्या.

सर्वात मोठी फसवणूक होते ती मीटरच्या स्वतःच्या रोधामुळे. चांगल्या डिजिटल मीटरचा इनपुट रोध १० मेगाओहम असतो. बाजारात मिळणाऱ्या डीटी८३० जातीच्या स्वस्त पिवळ्या मीटरचा अनेकदा फक्त १ मेगाओहम. ग्रिडला उणे ७.३ व्होल्ट आहेत आणि ते १ मेगाओहमच्या रेझिस्टरमधून येतायत असं धरा. चांगलं मीटर ६.६ दाखवेल. स्वस्त मीटर ३.६५. आजोबांच्या काळातलं २०,००० ओहम प्रति व्होल्टचं काट्याचं मीटर १० व्होल्टच्या रेंजवर जेमतेम १.२ दाखवेल. तिन्ही मीटर चालू स्थितीत आहेत, तिन्ही आपापल्या परीने खरं बोलतायत, फक्त तार टेकवल्यावर जे उरलं ते सांगतायत. अशा ठिकाणी ग्रिडवर न मोजता बायस जिथे तयार होतो त्या रेझिस्टरवर मोजा, तिथे रोध कमी असल्याने मीटरचा भार जाणवत नाही.

आपलं मीटर कुठल्या जातीचं हे घरबसल्या कळतं. ९ व्होल्टची बॅटरी आधी थेट मोजा, मग मधे १ मेगाओहमचा रेझिस्टर घालून मोजा. ८.२ च्या आसपास आलं तर मीटर १० मेगाओहमचं. निम्म्यावर आलं तर १ मेगाओहमचं.

हीच गोष्ट उलट बाजूनेही चकवते. जुन्या सर्व्हिस शीटवर एखाद्या प्लेटला ६५ व्होल्ट लिहिलेले असतात आणि तुम्हाला ८० दिसतात. दोष नसतो. शीट लिहिणाऱ्याचं काट्याचं मीटर सर्किटला खाली ओढत होतं. शीटच्या कोपऱ्यात कुठल्या मीटरने मोजलं ते बहुधा बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते आधी वाचा.

मीटरची बॅटरी उतरली की बऱ्याच स्वस्त मीटरचे आकडे वर सरकतात. नव्या पेन्सिल सेलवर मीटर १.९ व्होल्ट दाखवत असेल तर रेडिओ बाजूला ठेवून आधी मीटरची बॅटरी बदला. लाल तार १० अँपियरच्या भोकात विसरून व्होल्टेज मोजायला जाणं म्हणजे सरळ शॉर्ट. आणि हो, प्ले स्टोअरवरचं कुठलंही 'मल्टिमीटर' ॲप नुसत्या मोबाईलच्या जोरावर व्होल्टेज मोजू शकत नाही. मोबाईलमध्ये तसं मोजायला काही नसतंच.

सेटवरचं स्वतःचं मीटर

घरगुती रेडिओत मीटर म्हणजे हिरवा मॅजिक आय, ईएम८० किंवा ईएम८४. स्टेशन नीट लागलं की त्याची हिरवी पाकळी किंवा पट्टी हलते. पट्टी पेटते पण हलत नाही, आणि स्टेशन मात्र जोरात वाजतंय, असं असेल तर त्याच्या सॉकेटलगतचा मोठ्या किमतीचा रेझिस्टर वर सरकलाय किंवा तुटलाय का ते बघा. नुसती फिकी झाली असेल तर फॉस्फर थकलाय, त्याला इलाज बदलीचाच.

हॅम रेडिओच्या मोठ्या अँप्लिफायरवर मात्र खरी काट्याची मीटरं असतात. अमेरिकेतल्या हीथकिटचा १९७० च्या दशकातला एसबी-२२० घ्या: दोन ३-५००झेड व्हॉल्व्ह, प्लेटवर ३००० व्होल्टच्या घरात, आणि बायससाठी कॅथोडकडे पाच व्होल्टच्या आसपासचा जाडजूड झेनर डायोड. झेनर शॉर्ट झाला की रिकामा करंट वाढतो, तुटला की करंट बंद. पण तिथे आतमध्ये ठिणगी पडली तर मीटरला समांतर असलेला अगदी छोट्या रोधाचा शंटही उडतो, आणि मग काटा जे दाखवतो त्याला काही अर्थ राहत नाही. सुटा शंट मोजल्याशिवाय काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे तत्त्व आपल्या १३५ ओहमच्या रेझिस्टरसारखंच. मात्र ३००० व्होल्ट हे शिकायचं ठिकाण नाही. रेडिओवर हात बसलेल्या जाणत्या हॅमसोबतच तो डबा उघडावा.

दुरुस्तीनंतर

कंडेन्सर बदलला की कॅथोडचा रेझिस्टर (१५० ओहम, २ वॅट) आणि त्याच्या शेजारचा इलेक्ट्रोलिटिकही बदलून टाका, तिन्हींना मिळून चहा-वड्याएवढा खर्च येतो. भिंतीतलं व्होल्टेज मोजा. जुन्या सेटच्या मागे २००, २२०, २४० असे टॅप असतात आणि कित्येक सेट अजून २०० किंवा २२० वरच अडकलेले असतात. घरात २४० येत असेल तर टॅप २४० वर न्या. कोणी रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून सिलिकॉन डायोड बसवला असेल तर सप्लाय मूळपेक्षा चढलेला असणार, तेही तपासा.

मग अर्धा तास गाणी लावा आणि पिन २, ३, ७, ९ चे आकडे पाच, पंधरा आणि तीस मिनिटांनी लिहून काढा. पंधरा आणि तीसच्या आकड्यांत फारसा फरक नको. तो कागद मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवा, वर तारीख आणि कुठल्या मीटरने मोजलं ते लिहा. पाच-सात वर्षांनी पुन्हा आवाज फाटायला लागला तर सेट उघडणाऱ्याला, मग ते तुम्ही असा की दुसरं कोणी, सुरुवात कुठून करायची ते तिथेच सापडेल.